ला पाझची गाडी

"वैजू, ह्या गाडीत मी बसायची नाही. मागची टायरं बघ, पार गुळगुळीत झाल्यात."

आत्या बसच्या मागच्या चाकापाशी वाकून उभी होती. अंगावर सुती पातळ, त्यावर माझ्या नवऱ्याचा स्वेटर, डोक्याला कानटोपी. भोवती चारदोन माणसं जमून बघत होती. बायकांच्या पाठीवर रंगीत गाठोडी, पोरं कडेवर, आणि एक माणूस घसा फोडून ओरडत होता, "पुनो, पुनो, पुनोऽऽ!" आमच्या इचलकरंजीच्या स्टँडवर वडापचे जीपवाले कोल्हापूर कोल्हापूर ओरडतात, अगदी त्याच चालीवर.

"अहो आत्या, ही गाडी ला पाझला जातच नाही. कुठल्या तरी तिसऱ्याच गावाला जाते."

"मग मला हिच्यापाशी आणलंस कशाला?"

"मी कुठं आणलं? तुम्हीच तरातरा आलात!"

तरातरा म्हणजे काय, दहा पावलं चालून दोनदा थांबली होती. कुस्को हे पेरूमधलं गाव इतकं उंच डोंगरात आहे, की जिना चढलं तरी छाती भात्यासारखी हलते. माझं डोकं सकाळपासून भणभणत होतं. समोर बसच्या कंपन्यांच्या खिडक्यांची रांग, प्रत्येक खिडकीवर गावांची नावं, आणि ला पाझ हे नाव जवळजवळ सगळ्यांवर. तरी ला पाझला जायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि माझी सासू. आमच्याकडं मामाची मुलगी करतात, तशी मी तिच्या घरी गेले. लग्नाआधी मी तिला अगंतुगं करायची. लग्नानंतर चारचौघांत अहो म्हणायला लागले, पण चिडले की अगं बाहेर येतं. त्या तीन दिवसांत ते बऱ्याच वेळा आलं.

खरं तर सहल माझी आणि जयसिंगची, म्हणजे माझ्या नवऱ्याची होती. ऐन वेळी तो गुडघा धरून बसला आणि आत्या उठली. जी बाई कोल्हापूरला लग्नाला जायचं तरी दहा कारणं सांगते, ती म्हणाली, "त्याच्या जागी मी जाते." मला बरं वाटलं. म्हटलं, मामंजी गेल्यापासून घरात बसून आहे, जरा हिंडेल. सोबत तिनं शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा घेतला होता. सगळ्या प्रवासात मला त्यातली एक पोळी मिळाली नाही. मागितली की म्हणायची, "असू दे, लागतील."

आणि त्या सकाळी नाश्त्याला, आमचा गट लिमाच्या विमानासाठी निघायच्या तयारीत असताना, आत्यानं गाईडला सांगितलं, "आम्ही दोघी येत नाही. आम्हाला ला पाझला जायचंय. हंबीरकडं."

माझ्या हातातला पाव तसाच राहिला.

हंबीर म्हणजे आत्याचा धाकटा मुलगा, माझा दीर. मागाचा फिटर. बोलिव्हियात ला पाझजवळच्या एका कापडगिरणीत माग बसवायला म्हणून गेला, तिथंच लग्न करून राहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मामंजी गेले. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर वर्षभरात गेले. हंबीर आला नाही. मातीला नाही, दिवसाला नाही, नंतरही नाही. सगळ्या गावानं तोंडात बोट घातलं. आत्या एवढंच म्हणायची, "तो विषय काढू नका." म्हणून आम्ही काढला नाही. नऊ वर्षं मायलेकरांत एक शब्द नव्हता, आणि आम्ही सगळे धरून चाललो होतो, की ती त्याचं तोंडही बघणार नाही.

गाईडनं कपाळाला हात लावला. म्हणाला, बोलिव्हियाचा व्हिसा लागतो. आत्यानं पासपोर्ट पुढं केला. त्यात व्हिसा होता. माझ्याही पासपोर्टात होता; कागदपत्रांचं सगळं जयसिंगनंच बघितलं होतं. माझ्या पासपोर्टात, आणि मला पत्ता नाही!

मी तिथल्या तिथं जयसिंगला फोन लावला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणाली, वैजूला सांगू नको, ती प्लॅन करत बसंल."

आता प्लॅन कुणी करायचा होता, सांगा! विमान रोज नव्हतं, होतं त्यात जागा नव्हती. राहिली बस. पहिल्या खिडकीवर कळलं, पुढं लोकांनी रस्ता अडवलाय, गाड्या बंद. दुसऱ्या खिडकीवर कळलं, कुणी काही अडवलेलं नाही, आत्ताच बसा. तिसऱ्यानं सांगितलं, वाटेत मोठं सरोवर आहे, गाडी त्याच्या काठानं जाते, सीमेवर उतरायचं, परत त्याच गाडीत बसायचं. चौथा म्हणाला, तो रस्ता सोडा, दुसऱ्या रस्त्यानं जा, पण तिथं गाडी पलीकडं जात नाही, सीमेवरचा पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडून दुसरी गाडी धरायची. मी मोबाईलवरून स्पॅनिश लिहून दाखवायची, ते मान हलवायचे आणि दुसऱ्याला हाक मारायचे. दुसरा वेगळंच सांगायचा. कुणी खोटं बोलत होतं असं वाटत नव्हतं. सगळे मनापासून सांगत होते, म्हणून तर माझा जास्त गोंधळ उडाला.

दुपारी लॉजवर परतलो. लॉजची मालकीण इलारिया, दोन लांब वेण्या घालणारी जाडजूड बाई, आम्हाला कोकाच्या पानांचा चहा द्यायची. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकंच. तिनं आत्याकडं बघितलं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "निळे. बघ, निळे. वर जाऊ नका. खाली जा."

खरंच आत्याचे ओठ काळेनिळे दिसत होते.

"आत्या, मी काय म्हणते," मी म्हटलं, "आपण हंबीरला फोन करू. तो इथं यायला मोकळा असेल तर तोच येईल. नाहीतर निदान रस्ता तरी सांगेल."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "तू लाव. मी नाही बोलणार."

जयसिंगनं नंबर दिला. लॉजच्या अंगणात बसून इलारियाच्या फोनवरून मी तो लावला, स्पीकर चालू ठेवला. पलीकडं मागाचा खटक खटक आवाज होता. इचलकरंजीत असल्यासारखं वाटलं.

"हॅलो, हंबीर? मी वैजू."

मग तो म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही रे बाबा! आम्ही इथं आलोय. कुस्कोत."

"आम्ही कोण?"

"मी आणि आत्या."

आवाज थांबला. त्यानं माग बंद केला, का तो बाहेर आला, कळलं नाही.

"आई? कुस्कोत?"

"तिला तुझ्याकडं यायचंय. गाडी कुठली धरायची तेवढं सांग. इथं मला चौघांनी चार तऱ्हा सांगितल्या."

"नको," तो म्हणाला. "नको वैजू, तिला आणू नको. रस्त्यांचं काही खरं नाही सध्या. आणि इथं तर अजून उंच आहे. तिला झेपायचं नाही. नको."

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला. नऊ वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती, आणि आवाज असा, की दूधवाल्याला सांगतेय, उद्या अर्धा लिटर कमी दे.

"मी काय म्हणते, आम्ही येत नाही. सहज खुशाली विचारली. बरा आहेस ना?"

"आई..."

"मग झालं. आणि तू बी यायचं नको. कशाला उगं धावपळ? ठेवते."

फोन ठेवला आणि ती भिंतीवरच्या कुंडीतल्या फुलांकडं बघत बसली. माझे डोळे भरून आले. एवढ्या लांब यायचं, आणि पोरानं दारातूनच परत लावायचं! मला हंबीरचा असा राग आला, की समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ दे आत्या. उद्या लिमाला जाऊ, गटाला गाठू."

"लिमाला कशाला?" ती म्हणाली. "सकाळची ला पाझची गाडी बघ."

"अगं आत्या! तो नको म्हणाला. तू येत नाही म्हणालीस. मग गाडी कसली बघू?"

"नको म्हणाला म्हणूनच बघ."

"म्हणजे? त्याला आपण यायला पाहिजे आहोत?"

"मला काय ठाऊक?"

"मग मी परत फोन करून नीट विचारते."

"नाही करायचा!" ती एकदम कडाडली. "केलास तर परत नको म्हणंल."

मी इलारियाकडं बघितलं. तिला मराठी कळत नव्हतं, तरी ती डोक्याला हात लावून आत गेली. मला वाटलं, उंचीनं आत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग वाटलं, माझ्याच डोक्यावर झालाय. समजा गेलो आणि त्यानं दार उघडलं नाही तर? त्याच्या बायकोला आम्ही कोण तेही माहीत नसलं तर? त्या परक्या गावात ह्या निळ्या ओठांच्या बाईला घेऊन मी जाणार कुठं? आणि नाही गेलो, तर हिला परत कुठला हंबीर दिसतोय? तिचं वय, तिची छाती... हा पहिला आणि शेवटचाच फेरा होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून मी बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर दोनच गाड्या उरल्या होत्या. एक चकाचक, लाल पडद्यांची, सरोवराच्या काठानं जाणारी, सीमेपलीकडंही तीच नेणार. दुसरी चिखलानं माखलेली, ती देसाग्वादेरो नावाच्या सीमेवरच्या गावापर्यंतच, तीही मधे पुनोला मुक्काम करून. पुढं पूल चालत ओलांडायचा. खिडकीवरची मुलगी मला परत परत लाल पडदे दाखवत होती. मी पर्स उघडली, आणि बघते तर आत्या शेजारी नाही.

सगळा स्टँड पालथा घातला. शेवटी मागच्या बाजूला, जिथं ड्रायव्हर लोक सूप पीत बसतात, तिथं बाई एका बाकड्यावर बसलेली. समोर चिखलवाल्या गाडीचा ड्रायव्हर शिडीवर चढून स्वतःच्या हातानं पुढची काच पुसत होता.

"हीच गाडी," आत्या म्हणाली.

"अहो, ती बघा किती मळलीय!"

"काच बघ. तुझे मामंजी दुसऱ्या कुणाला काच पुसू द्यायचे नाहीत. त्या लाल गाडीचा ड्रायव्हर मघापासून मोबाईलवर बोलतोय."

"तिथं पूल चालत ओलांडावा लागतो!"

"मग ओलांडू की."

"तुला लॉजचा जिना चढवत नाही आत्या!"

"पुलाला जिना नसतो," असं म्हणून ती चढलीसुद्धा. आपल्या रुमालानं सीट झटकली, रुमाल तिथंच जागा धरल्यासारखा टाकला आणि मग बसली. सीटला नंबर होता, तिकिटावरही होता, पण हे तिला कोण सांगणार? डबा वरच्या फळीवर ठेवू दिला नाही, मांडीवरच धरला.

तो दिवस मला आजही सलग आठवत नाही. बाहेर पिवळं गवत, लांब बर्फाचे डोंगर, मधेच लामांचा कळप. घाट चढताना आत्यानं डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. कंडक्टर बाईनं ऑक्सिजनची नळी आणून नाकाला लावली. मी तिचा हात धरून बसले आणि मनातल्या मनात हंबीरला, जयसिंगला आणि त्या काच पुसणाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. पुनोत रात्रीचा मुक्काम झाला. सकाळी तिला जरा हुशारी वाटली, आणि दुपारच्या आत आम्ही देसाग्वादेरोला उतरलो.

गाव कसलं, नुसता बाजार. कांद्याची पोती, प्लॅस्टिकच्या बादल्या, तीनचाकी सायकली, आणि समोर तो पूल. शिक्क्यासाठी ही लांबलचक रांग. मी आत्याला एका पोत्यावर बसवलं आणि रांगेत उभी राहिले. नंबर जवळ आला तशी तिला उठवायला गेले.

ती पुलाकडं बघत होती. म्हणाली, "वैजू, तुझे मामंजी गेले त्या दिवशी हंबीरचा फोन आला होता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आला होता?"

"रडत होता. म्हणाला, आई, मी येऊ का? मी म्हटलं, नको. कशाला उगं धावपळ? तू येऊस्तोवर सगळं उरकलेलं असंल. नको येऊ."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? असं म्हणत्यात की! आपल्याकडं पाहुण्याला जेवायला बसा म्हटलं की तो नको म्हणतो. म्हणून आपण ताट उचलतो व्हय? मला वाटलं, मी नको म्हणंन आणि तो येईल. तेरा दिवस मी दाराकडं बघत हुते." तिनं पदरानं नाक पुसलं. "तो माझं ऐकून तिथंच राहिला."

"आणि सगळ्या गावानं त्याला नावं ठेवली! तू एकदाही कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? मीच नको म्हटलं, आणि मीच वाट बघितली?"

रागावू का रडू, कळेना. आणि मग डोक्यात आलं, परवा फोनवर ही बया त्याला काय म्हणाली? तू बी यायचं नको. कशाला उगं धावपळ? तेच शब्द! परत! आणि त्यानंही नकोच म्हटलेलं. आता कुणाचं नको खरं आणि कुणाचं खोटं, हे देवालाच माहीत.

शिक्के झाले. आम्ही पुलावर चढलो. एका हातात बॅगा, दुसऱ्या हातात आत्या. पूल लहानसाच, पण दोन्हीकडून माणसांची रीघ, सायकलवाले घंट्या वाजवत अंगावर येत होते. निम्म्यात आल्यावर आत्या थांबली. मला वाटलं, चक्कर आली.

"आत्या? बसायचंय का?"

ती समोर बघत होती. समोरून एक माणूस येत होता. पाठीवर पिशवी, डोक्याला तिथल्यासारखी टोपी, कानशिलं पिकलेली. मी त्याला ओळखलं नसतं. पण तो एक खांदा पाडून चालत होता. मामंजी गाडी लावून घराकडं यायचे तेव्हा असेच चालायचे.

तो आमच्यापासून चार हातांवर आला आणि गपकन थांबला. मागचा सायकलवाला त्याच्यावर आदळता आदळता राहिला, काहीबाही बडबडत पुढं गेला.

"हंबीर," मी म्हटलं, "तू कुठं निघालास?"

"कुस्कोला," तो म्हणाला. "कालच निघणार होतो, पण आमच्याकडचा रस्ता आज सुटला."

"अरे, मग फोन का नाही केलास? आम्ही त्या दुसऱ्या गाडीनं गेलो असतो तर..." लाल पडदे माझ्या डोळ्यांपुढं आले.

"फोन केला असता तर आई परत नको म्हणाली असती."

आत्या त्याला खालपासून वरपर्यंत बघत होती. म्हणाली, "कशाला आलास रे एवढ्या लांब?"

"तू नको म्हणालीस ना," हंबीर म्हणाला. "मागच्या वेळी ऐकलं तुझं."

तो पाया पडायला वाकला. आत्यानं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, मग दुसरा घातला, आणि तिसऱ्याला हात तसाच पाठीवर राहिला. ती रडायला लागली. तोही वाकल्या वाकल्या रडत होता. मी दोन बॅगा धरून मधे उभी, मलाही हुंदके आवरेनात, आणि चारी बाजूंनी घंट्या. पोलीस शिट्टी वाजवून हाकलत होता. कुठल्या बाजूला हाकलत होता तेही कळत नव्हतं. हंबीरच्या खिशात कुस्कोचं तिकीट, आम्हाला जायचं ला पाझला.

शेवटी मीच दोघांना कठड्याकडं ओढलं.

"काही खाल्लंस का?" आत्यानं विचारलं.

"नको आई," तो डोळे पुसत म्हणाला. "आत्ता भूक नाही. आधी आपण..."

आत्यानं तोवर डबा उघडला होता. शेंगदाण्याची एक पोळी काढून तिनं त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली, आणि तिनं दुसरी काढली.